बिनसाखरेच्या गोळ्या

“आपल्या घरात माणसांना सवड नाही, कुत्र्याला पथ्य,” नवरा पुटपुटला. दवाखान्याच्या टेबलावर आडव्या पडलेल्या ढब्बूला त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि बोलला तोही ढब्बूच्याच कानात. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला ऐकू जाईल, एवढ्या बेताने.

तिने ते गिळलं. फ्रिजवरचा तक्ता तिनेच लावला होता. कांदा नाही, द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, साखर तर बोटावरचीसुद्धा नाही. घरात सगळ्यांना तो तोंडपाठ. आणि तरी आज दुपारी ढब्बू पाणी प्यायला म्हणून उठला, मागच्या पायांनी फतकल मारून बसला, तो पुन्हा उठेचना.

डॉक्टरीणबाईंनी कानाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासलं. साखर तळाला गेली होती. सलाइन लावता लावता त्याने काय खाल्लंय, ते त्यांनी विचारलं. तिने तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. हे तुम्ही ठरवलेलं झालं, बाई म्हणाल्या, आता त्याने खाल्लेलं सांगा.

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून तिच्या सासऱ्यांनी खिशातली चपटी डबी काढून पुढे केली. त्यांच्या मधुमेहाला चालणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. सूनबाईंनी साखर बंद केलीय ना, म्हणून मुद्दाम बिनसाखरेच्या दिल्या, असं त्यांनी सांगितलं. शहाण्यासारखं वागल्याचा थोडा तोराही होता आवाजात.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून डबीवरची बारीक अक्षरं वाचली. यात साखरेऐवजी झायलिटॉल असतं, त्या म्हणाल्या. माणसाला त्याचं काही नाही, पण कुत्र्याची साखर धाडकन उतरते. जास्त पोटात गेलं तर यकृतच हात टेकतं.

“किती दिल्यात, आजोबा?”

“दोन.”

दोनच असतील तर संध्याकाळपर्यंत सलाइन आणि मग घरी, बाई म्हणाल्या. डबीभर असतील तर यकृताची औषधं आत्ताच सुरू करायची, तीन दिवस इथेच ठेवायचं, आणि तरीही भरवसा देता येत नाही.

“बाबा दोन म्हणतायत ना, मग दोनच,” नवरा म्हणाला. जरा घाईनेच.

तिने डबी उघडली. सासऱ्यांच्या नखांना निघेना म्हणून सकाळी तिनेच तिचं प्लास्टिक फोडून दिलं होतं, तेव्हा ती काठोकाठ होती. आता आत तीन गोळ्या होत्या. तिने झाकण परत लावलं. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला, ती चूक कामवाल्या बाईंची ठरली होती. सासरे दुसऱ्याच गल्लीत परक्या घराची बेल वाजवत उभे राहिले, ती चूक रस्त्यावरच्या बंद दिव्याची. त्यांच्या प्रत्येक चुकीला घरात दुसरंच काही ना काही कारण सापडत होतं.

“काही बाबांनी स्वतः खाल्ल्या असतील,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला खोटा वाटला.

ढब्बूचा पुढचा पाय थरथरायला लागला. बाईंनी सलाइनचा वेग वाढवला. मला कोणाची चूक काढायची नाही, त्या म्हणाल्या, मला आकडा हवाय, आणि तो लगेच हवाय.

नवरा भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघू लागला, जणू उत्तर त्यालाच माहीत होतं. ती डबीच्या झाकणाकडे.

सासरे उठले. टेबलापाशी आले आणि ढब्बूचा दुमडलेला कान त्यांनी अलगद सरळ केला.

“माझ्या दोनावर जाऊ नका, बाई. डबीभर धरा,” ते म्हणाले. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. या दोघांनाही ते माहितीय. मी एक देतो, मग हा माझ्याकडे असा काही बघतो, की मला वाटतं, अजून दिलीच नाही.”