टाकीतली हजेरी

कोल्हापुरात नळ नवेच होते. टाकी धुणारे दोन गडी आतच असताना पाणी सुटलं. मरता मरता वाचले. तेव्हा टाकीचा गाळ वाहणाऱ्या चिमणाबाईनं मुकादमाला झापलं, "लालासाब, माणसं हायत ती, मेंढरं न्हवं! आधी एकेकाला नावानं हाक मारायची. आतनं ओ आली न्हाय, तरच पाणी सोडायचं." तसा नेमच पडला.

आज टाकी धुऊन सगळे वर आले. त्यांच्यातला चिमणाबाईचा पोरगा सिदू तिच्याजवळ भाकरी खायला बसला. मुकादम टाकीत वाकून हाका मारू लागला. कुणाचीच ओ आली नाही.

शेवटी त्यानं हाक दिली, "सिदूऽ!"

"ओ! आये, मी खालीच हाय की!"

आवाज सिदूचाच. चिमणाबाईनं शेजारी बघितलं.

सिदूनं मान वर न करता घास मोडला.

"मुकादम," तो म्हणाला, "सोडा पाणी."