पांढरीची माती

मैनाबाई बस्त्यासाठी अकोल्याला गेली होती, तेवढ्यात गड्यांनी तिच्या शेतात खणायच्या विहिरीची जागा बदलली. नव्या जागी, बांधालगत, माणसाची हाडं निघाली. तिच्या नातीच्या, सुभद्रेच्या लग्नाला पाच दिवस उरले होते.

मैनाबाईनं हाडं टोपल्यात भरून अंगणात आणवली. "विहीर दुसरीकडं खणा," एवढंच म्हणाली.

नेमके त्याच दिवशी नवरदेवाचे वडील खुशालराव अचलपूरहून आले होते. नवरीच्या मायचं मानाचं हिरवं लुगडं त्यांनी सोबत आणलं होतं.

"इहीणबाई काशीहून कवा येऊन राहिल्या?"

"तिचं तिकडं व्रत हाय. लुगडं ठेवा, तिले पोचवून देईन."

पंचफुला मैनाबाईची एकुलती लेक. नवऱ्यानं टाकलेली. बारा वर्षांमागं यात्रेकरूंसोबत काशीला गेली ती तिकडंच राहिली, असं मैनाबाई सांगे. सहा वर्षांची सुभद्रा आजीच्या पदरात पडली.

पोलीस पाटील नत्थुजी टोपल्यात डोकावला. "आपल्यात मानूस जाळतेत, मैनाबाई. पुरतेत ते लेकरू, नाई तं गोसावी, नाई तं महारोगी."

"अन् तुह्यासारखा बोलभांड मेला तं काय करतेत?"

खुशालराव हसले नाहीत. "हाडं अलीकडची अन् या घरची निघाली, तं आमाले सोयरिकीचा इचार करा लागन."

नत्थुजीनं अमरावतीच्या कॉलेजातल्या कमलाकांत मास्तरांना बोलावणं धाडलं. जुन्या हाडांचा त्यांचा अभ्यास होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मैनाबाई पांढरीवर जाऊन आली. गावाची ती जुनी ओसाड वस्ती. नांगर लागला की खापरं निघत, कधी हाडं निघत. लग्नघराच्या भिंतींना तिथलीच माती लागे. डोक्यावर पाटी घेऊन ती एकटीच परतली आणि पाटी हाडांच्या टोपल्यालगत उतरवली. "घरात बाया ढीगभर, पन माती मलेच वाहा लागते," म्हणाली.

दुपारी मास्तर आले. त्यांनी पायाची बोटं उचलली. हाडं झिजून वातीसारखी टोकदार झाली होती.

"महारोग," ते म्हणाले.

खुशालरावांनी धोतर आवरून घेतलं. माजघराच्या दारात सुभद्रा उभी होती, ती खाली बसली.

"पण कधीचा, ते पाहू. अलीकडच्या हाडात प्रथिनं उरलेली असतात. तापवलं की केस जळाल्यासारखा वास येतो. शेकडो वर्षांत ती निघून जातात." मास्तरांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. "एक तुकडा घेतो."

"माह्या वावरातलं हाय. हात मीच लावीन."

मैनाबाईनं टोपल्याच्या तळाशी हात घातला आणि पांढरी माती लागलेला एक तुकडा दिला.

तो तापला, पांढरा झाला. सगळ्यांनी नाकं पुढं केली. वास आला नाही.

"हजारेक वर्षं तरी झाली असतील याला," मास्तर म्हणाले. "आजी, ही हाडं मी अमरावतीला नेऊ? फार मोलाची आहेत."

"नाई. मेल्या मानसाले मोटारीत नाई बसवत. मातीतलं मातीत जाईन."

खुशालरावांनी चहा मागितला. "हजार वर्साच्या महारोग्याचं आमाले काय? लगन ठरल्या तिथीले."

सुभद्रा आजीजवळ आली. "आजी, माय येईन का वं?"

"येनं काई व्हत नाई तिचं."

"मंग लुगडं?"

"ते पोचन."

उन्हं कलली तशी मैनाबाईनं टोपलं कमरेवर घेतलं. कुणालाही सोबत येऊ दिलं नाही. बांधाजवळच्या खड्ड्यात तिनं हाडं एकेक करून मांडली, डोक्यापासून पायापर्यंत. पायाची बोटं जागच्या जागी लावली. मग काखेतली घडी उलगडली आणि अचलपूरचं हिरवं लुगडं त्यांच्यावर पांघरलं.