यज्ञेश्वरचं श्रमदान

पहिलाच टिकाव यज्ञेश्वरने दगडावर न मारता स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर मारला. शिबिराचं उद्घाटन नुकतंच आटोपलं होतं, पाहुण्यांच्या गळ्यातला हारही अजून सुकला नव्हता. त्याचा वर्गमित्र माधव आणि आणखी दोघांनी त्याला उचललं आणि जे पहिलं घर दिसलं त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

घर बायडाबाईंचं होतं. वारजे तेव्हा पुण्याबाहेरचं गाव होतं. नाताळच्या सुट्टीत कॉलेजची मुलं तिथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आली होती. मुक्काम शाळेत, आणि काम म्हणजे गावापासून नदीपर्यंतचा रस्ता. यज्ञेश्वर नारायण पेठेतला. निघताना तो वडिलांना ऐटीत म्हणाला होता, "गावासाठी काहीतरी करून येतो." वर्तमानपत्रातून डोकं न काढता वडील म्हणाले होते, "आधी स्वतःचं अंथरूण उचल."

आता ते अंथरूणही माधवनेच उचलून शाळेतून ओसरीवर आणून टाकलं.

बायडाबाई पन्नाशीच्या, घरात एकट्याच. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. अंगठ्यावर हळद दाबली, फडकं बांधलं आणि पलीकडे खांबाला टेकून बसून राहिल्या. दुपारी यज्ञेश्वरचं ताट शाळेतून यायचं होतं, पण पहिल्या दिवसाच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ऊन कलायला लागलं. मुलगा भिडस्त, अनोळखी घरी मागणार कसं? पण पोटाला कुठली भीड? ते एवढ्या मोठ्याने गुरगुरलं की बायडाबाईंनी मान वळवून बघितलं.

त्या उठल्या. आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. मग पदर खोचून शेजारी गेल्या आणि परातीत पीठ घेऊन आल्या. दुसऱ्या खेपेला काड्यापेटी आणली. त्यानंतर बराच वेळ आतून तवा घासल्याचा आवाज येत राहिला. पहिली भाकरी करपली, दुसरी मोडली.

"हाताला वळन न्हाई ऱ्हायलं," त्या पुटपुटल्या.

यज्ञेश्वरने दोन्ही खाल्ल्या आणि आशेने तिसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी माधव आठवणीने ताट घेऊन आला, तर बायडाबाईंनी ते दारातूनच परत पाठवलं. आता त्या यज्ञेश्वरला चुलीपुढेच बसवून घेत. ठेचा, भरीत, ताकातली आमटी, सगळं तव्यावरून आणि भांड्यातून थेट ताटात. त्याने "पुरे हो, मावशी" म्हटलं की डोळे वटारत, "शेरात काय वारा खात व्हतास?" एकदा चुलीत लाकूड सारताना त्याने आपल्या भुवया होरपळून घेतल्या, तेव्हा तर त्या खळखळून हसल्या. ते हसू ऐकून शेजारची सरुबाई हातातलं काम टाकून दारापर्यंत धावत आली.

यज्ञेश्वरला मात्र घास गोड लागेना. बाहेर सगळी मुलं घामाघूम होऊन मातीच्या पाट्या वाहत होती आणि हा इथे बसून जेवत होता. त्यात गावातल्या बाया येता-जाता घरासमोर थांबायच्या. छपराकडे बघायच्या, मग दारातून त्याच्याकडे, आणि तोंडाला पदर लावून निघून जायच्या. हसतात आपल्याला, त्याला वाटायचं. शहरातून आलेला खादाड पाहुणा.

शिबिर चालवणाऱ्या फाटक सरांनाही वेगळं काही वाटत नव्हतं. एका सकाळी ते ओसरीसमोर येऊन उभे राहिले.

"यज्ञेश्वर, आपण इथे सेवा करायला आलो आहोत, करवून घ्यायला नव्हे. दुधाची गाडी पुण्याला निघते आहे. तीत बसा."

त्याने वाद घातला नाही. खाली मान घालून अंथरूण गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात रस्त्याच्या कामावरून सरपंच गेनबा लगबगीने आले.

"सर, पोराला कुटं धाडताय?"

"घरी. त्याच्याकडून काही काम होत नाही."

गेनबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"रस्त्याचं काय, सर, आज न्हाई तर उद्या झालाच असता. पर ह्या घरातली चूल इझली व्हती. बाईचा एकुलता एक संपत तापानं गेला, तवापास्नं. दिराकडनं ताट यायचं, त्यातलं चिमणीएवढं खायाची. कुनाशी बोलनं न्हाई. समद्या गावानं हात जोडले, तरी हिनं काडी वढली न्हाई. आता बाया मुद्दाम ह्या वाटंनं धूर बघायला येत्यात. बघत्यात आन् रडत्यात."

यज्ञेश्वरचे हात अंथरुणावरच थांबले.

बायडाबाई दारात आल्या. हातात पिठाची परात होती. त्यांनी अर्धवट गुंडाळलेलं अंथरूण बघितलं, रस्त्यावर उभी असलेली गाडी बघितली.

"निघालास व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "न्हाई... कालवन उतारलंय, म्हनून म्हनलं."

यज्ञेश्वरची न्याहारी नुकतीच झाली होती. पोटात तिळाएवढीही जागा नव्हती. गाडीचा भोंगा वाजला. त्याने अंथरूण तिथेच सोडलं, लंगडत आत गेला आणि ताटापुढे मांडी ठोकली.

"सर, गाडी जाऊ द्या," तो आतून ओरडला. "मला काम आहे."