मार्गदर्शनास्तव सादर

गायरानावरची वस्ती हटवण्याच्या आदेशावर सही करायची म्हणून तहसीलदार हेमांगी कुडतरकरांनी सहीच्या यंत्राच्या काचेवर हात ठेवला. आदेशाने लोकांचे जे हाल होणार, ते सही करणाऱ्याने आधी अंगावर सोसायचे, असा नवा कायदाच होता. बोचकं डोक्यावर घेऊन निघालेल्या कुणा म्हातारीच्या गुडघ्यांतली कळ त्यांच्या पायांतून सणसणत गेली. त्यांनी झटकन हात काढला.

फोनवर मंत्री वैतागले. "अहो मॅडम, मी सांगतोय ना? टाका सही करून!"

"तोंडी नको, साहेब," म्हणत त्यांनी 'मार्गदर्शनास्तव सादर' असा शेरा मारला आणि फाईल थेट मंत्र्यांकडेच सहीला धाडली.

चौथ्या दिवशी मंत्र्यांचा फोन आला. आवाज पार खाली गेला होता.

"मॅडम, त्या म्हातारीला कुणी आहे का हो?"