फ्रीजचा मधला कप्पा

पुरणाचा डबा ठेवायला कृष्णाबाईंनी फ्रीज उघडला आणि मधल्या कप्प्यात त्यांना हॉस्पिटलचा तो प्लास्टिकचा कॅन दिसला. पेपरात गुंडाळलेला होता, पण पिवळं कुठं लपतंय? लेकाची लघवी, आणि तिला खेटून उद्याच्या नैवेद्याचं दूध.

"अगं बाई," एवढंच त्या बोलल्या.

घरात गौरी उभ्या होत्या. उद्या जेवायच्या. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सोवळं ते कितीसं पाळणार, पण म्हणून काय सगळंच सोडून द्यायचं? सून शिवांजली बाजारात गेलेली, लेक शंभू आत गोळ्या घेऊन झोपलेला. कृष्णाबाईंनी पदराच्या टोकानं कॅन उचलला आणि मागच्या गॅलरीत वॉशिंग मशिनशेजारी नेऊन ठेवला. तिथं दुपारभर ऊन असायचं. फेकला मात्र नाही हं. दिवसरात्रीची सगळी लघवी जमवून सकाळी हॉस्पिटलात न्यायची, थेंब वाया घालवायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ठेवता ठेवता त्यांनी पेपर बाजूला केलाच. कॅन अर्धासुद्धा भरला नव्हता.

शंभूला जन्मापासून किडनी एकच. मानेसरजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर हे उघड झालं. आणि तीही फाटलेली. डॉक्टरांनी ती शिवून शाबूत ठेवली. आता शिवलेली किडनी काम किती करते, ते या कॅनवरून कळायचं होतं. नसेल करत, तर डायलिसिसचं मशीन, जन्मभर. एकच कशी दिली मी ह्याला, हे कृष्णाबाईंच्या डोक्यातून जात नव्हतं. तो पोटात असताना काय खाल्लं, काय वजन उचललं, सगळं आठवून झालं होतं.

संध्याकाळी शिवांजली पत्री आणि फुलं घेऊन आली. चहाला दूध काढायला तिनं फ्रीज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"आई, इथला कॅन कुठं गेला?"

"गॅलरीत आहे. देवाच्या दुधाशेजारी शोभतं का ते?"

शिवांजली धावतच गेली. परत आली तेव्हा तिच्या हातातला कॅन चांगलाच तापलेला होता.

"आई, हा थंडच ठेवायचा असतो. गरम झाला की रिपोर्ट चुकतो. किडनी चांगली असली तरी वाईट दिसते." सासूला ती कधी उलटून बोलली नव्हती, आताही बोलली नाही. भिंतीला टेकून नुसती रडायला लागली. "किती दिवस झाले, नीट झोप नाही मला. उद्या कळेल म्हणून तग धरला होता. आता पुन्हा पहिल्यापासून."

कृष्णाबाईंनी तिच्या हातातला कॅन घेऊन खाली ठेवला. द्यायचं तेव्हा कमी दिलं, आणि जे दिलं तेही मीच नासवायला बसले, असं त्यांना वाटलं. मेलं ते सोवळं.

आवाजानं शंभू उठून आला. एक हात टाक्यांवर होता.

"चलो, जाऊ दे गं," तो बायकोला म्हणाला. "आईला कोण सांगणार होतं? मीच लाजत पेपरात गुंडाळून ठेवला. ड्रिल चुकली की पुन्हा पहिल्यापासून, फौजेत हेच चालतं." हसायला गेला आणि कळ आली म्हणून थांबला.

लॅबवाल्यानं जास्तीचा एक कॅन दिला होता, ते बरं. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी शंभू तो घेऊन बाथरूममध्ये गेला. बाहेर आला तो टॉवेलखाली लपवून, आईची नजर चुकवत.

"दे इकडं," कृष्णाबाई म्हणाल्या.

"राहू दे आई, शिवांजली ठेवेल."

"दे म्हणते ना. तुझे लंगोट कुणी धुतले रे?"

त्यांनी कॅन दोन्ही हातांनी घेतला, दिव्याकडे धरला. तळाशी दोन बोटं लघवी होती. हे पुरेसं की कमी, ते तिघांतल्या कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फ्रीज उघडला, पुरणाचा डबा आणि दूध काढून ओट्यावर ठेवलं, मधला कप्पा पदरानं पुसला आणि कॅन आत उभा केला.

"आई, पुरण सकाळपर्यंत नासेल," शिवांजली म्हणाली.

"नासू दे."

दार लावून त्या गौरींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रागवायचं तर माझ्यावर रागव, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर नको."