शेवटचं हिरवं लुगडं

घाटाच्या मधल्या वळणावर पिकअप खडखडली आणि जागीच गप्प झाली. लहानूने चावी फिरवून पाहिली. इंजिन जाम झालं होतं.

शेजारी आईच्या मांडीवर हिरवं लुगडं होतं. पलीकडच्या गावात पहाटे त्याची बहीण गेली, तीही सवाष्ण. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलायची रीत नव्हती.

इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली की ऑइलचा तांबडा दिवा लागायचा, पळाली की विझायचा. "दिवा विझला म्हणून दुखणं गेलं असं समजू नको," मिस्त्री म्हणाला होता. "बेरिंगं झिजलीत. उभ्या गाडीत ऑइल नीट दाबानं फिरत नाही." लहानूने ऐकून सोडून दिलं. आज तर सेल्फ दगा देईल, गाडी पुन्हा सुरू होणार नाही म्हणून त्याने लुगड्याच्या दुकानासमोर गाडी चालूच ठेवली. आईच्या मनासारखं हिरवं सापडेस्तोवर तांबडा दिवा जळत राहिला.

घाटात दुसरी गाडी फिरकली नाही, फोनलाही रेंज नव्हती. ऊन डोंगराआड उतरलं. तेव्हा कुठे रेंज आली आणि दाजींचा फोन आला, "पाव्हणं, दिवस बुडतोय. लोक खोळंबलेत."

लहानू गाडीमागे गेला. "उचला तिला," तो कसाबसा म्हणाला.

आईने खिडकीतून विचारलं, "थांबलेत ना रं?"

"थांबलेत, आये."