वाऱ्यातली गाडी

"हीच," ऑरिन लिंडाल म्हणाला आणि त्याने काठी फिफ्थ व्हीलकडे, पिकअपच्या पाठीवर मान टेकवून ओढायच्या त्या फिरत्या घराकडे, रोखली. "दुसरी बघायचीसुद्धा गरज नाही."

"अजून दारही उघडलं नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"दाराचं काय घेऊन बसलीस? मान बघ तिची." त्या मोठ्या गाडीची मान पिकअपच्या हौद्यात, नेमकी मागच्या चाकांवर येऊन टेकली होती. "अशी वर बसली की वाऱ्यात शेपूट हलवत नाही. तो पलीकडचा ट्रॅव्हल ट्रेलर बंपरला जोडलेला; मागे नुसता लोंबकळतो. असले कितीतरी मी खड्ड्यात आडवे झालेले पाहिलेत."

कॅस्पर गावात वारा नाही असा दिवस क्वचितच. त्या दिवशीही फिरत्या घरांच्या दुकानावरचा झेंडा ताठ आडवा झाला होता. ऑरिनने जन्मभर याच वाऱ्यातून गुरांचे ट्रक हाकले होते. कंपवाताने हात थरथरू लागले, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्याने किल्ली बायकोच्या हातात ठेवली होती. आता राहतं घर विकून झालं होतं. हिवाळ्यात ॲरिझोना, उन्हाळ्यात मोंटानातली मुलगी, आणि घर म्हणजे मागे ओढाल ते. ओढणार होती व्हर्ना. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या या बाईने अख्खा वसंत शेजाऱ्याचा घोड्यांचा ट्रेलर जत्रेच्या रिकाम्या मैदानात मागे-पुढे करण्यात घालवला होता.

दुकानदार ड्वेनने आपलाच पिकअप दिला. फिफ्थ व्हील घेऊन व्हर्ना हायवेवर जाऊन आली. गाडी खरोखरच हूं की चूं न करता मागून आली.

"बघितलंस?" ऑरिन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

मग तो आत गेला. फिफ्थ व्हीलमध्ये झोपायची खोली त्या मानेवरच असते. तीन अरुंद पायऱ्या. ऑरिन वर चढला, पलंगावर बसला, गादी दाबून पाहिली. उतरायला उभा राहिला आणि पहिल्या पायरीच्या तोंडाशीच त्याचे पाय थिजले. जमिनीला खिळल्यासारखे. त्याने खाली पाहिलं. पाऊल उचलेना.

ड्वेन हात द्यायला पुढे सरकला. व्हर्नाने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. ती खाली उभी राहिली आणि तळहाताने भिंतीवर ठेका धरला. सावकाश, एकसारखा; कंपवाताने अडकलेले त्याचे पाय अशा ठेक्याने सुटत. ऑरिनने डोळे मिटले, ठेका कानांत घेतला आणि चौथ्या थापेला पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसरं.

"तीन तर पायऱ्या," खाली आल्यावर तो म्हणाला. "होईल सवय."

व्हर्नाने वाद घातला नाही. "आता दुसरी बघू," ती म्हणाली.

ट्रॅव्हल ट्रेलर आतून सपाट होता. पलंगापासून चुलीपर्यंत एकच जमीन, कुठे उंबरासुद्धा नाही. ऑरिन आत फिरला, पण त्याने नकाराची मान हलवली. "राहायला बरा आहे. ओढायला नाही. आणि ओढायचंय तुला."

"म्हणजे तू माझ्यासाठी त्या पायऱ्या चढणार."

"चढेन की."

"बस गाडीत," व्हर्ना म्हणाली.

ड्वेनने ट्रेलर पिकअपला जोडून दिला. गाव मागे पडलं आणि वारा आडवा लागला. व्हर्ना दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून होती. इतक्यात बाजूने एक भला मोठा मालट्रक धडधडत पुढे गेला. त्याच्या आडोशातून बाहेर पडताच वाऱ्याचा तडाखा बसला आणि ट्रेलरची शेपूट हलायला लागली. आधी थोडी, मग जास्त. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसे, मग दुसरी. पिकअपचं ढुंगणही त्याच्याबरोबर डुलू लागलं.

ऑरिनचा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळावर दाबला गेला. ओठांवर आलेलं त्याने गिळलं. या क्षणी ओरडलं तर ती दचकेल, आणि दचकून ब्रेक दाबला तर सगळं संपेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने आपले थरथरते हात मांड्यांखाली दाबून धरले आणि समोर बघत राहिला.

व्हर्नाने ब्रेकला पाय लावला नाही. चाक सरळच ठेवलं. वेग नुसता सोडला, आणि डॅशबोर्डखालची, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी छोटी कळ बोटाने हळूच दाबली. ट्रेलर मागून ताणला गेला, एकदा डुलला, पुन्हा जरासा, आणि पिकअपच्या मागे सरळ झाला.

ऑरिनने मांड्यांखालून हात मोकळे केले.

"हे कुणी शिकवलं तुला?" अखेर ऑरिनने विचारलं.

"तीस वर्षं शाळेच्या सुट्ट्यांत तुझ्या शेजारी बसून मी काय नुसतं गवत बघत होते?"

ऑरिन हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले आणि वाऱ्याला दोन शिव्या घातल्या.

"माझ्याच्याने इतकं हळुवार झालं नसतं," तो म्हणाला. "मी कळ जोरात दाबायचो."

"ठाऊक आहे. मान अवघडायची माझी."

दुकानात परतल्यावर ड्वेनने ऑरिनला विचारलं, "मग कुठली?"

"तिला विचार. तीच चालवणार आहे."

व्हर्नाने ट्रॅव्हल ट्रेलर सांगितला. या वेळी ऑरिनने नकाराची मान हलवली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस ते दक्षिणेला निघाले. गावाबाहेर चढ संपून उघडं माळरान लागलं, तसा वारा बाजूने भिडला. व्हर्ना काहीतरी सांगत होती. उत्तर येईना म्हणून तिने वळून पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाती गाडी असताना ज्याचा कधी डोळा लागला नाही, तो ऑरिन टोपी नाकावर ओढून, तोंड उघडं टाकून घोरत होता.

आणखी एक झोत आला. गाडी जराशी हलली आणि सावरली. ऑरिन जागा झाला नाही.